गोठ्यापर्यंतची लाईन

राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात माझं नाव 'नाहीवाली बाई' पडलंय. तोंडावर ताई, मॅडम, वायरमनबाई, काय वाटेल ते म्हणतात. पाठ फिरली की नाहीवाली. म्हणोत. फोन करणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की ही बाई येणार, बघणार आणि बहुतेक नाही म्हणणार. तरी फोन करतात, म्हणजे त्यांनाही कुठेतरी धाकधूक असतेच.

प्रश्न सगळ्यांचा एकच. "ताई, एवढं एक लावलं तर चालंल ना?" एवढं एक म्हणजे कधी एसी, कधी गिझर, कधी घरगुती पिठाची गिरणी. वस्तू घरात येऊन पडलेली असते, खोक्यातला थर्माकोल अजून अंगणात उडत असतो, पेढे वाटून झालेले असतात. आणि मग वायरमनला बोलावतात. लग्न ठरवून, पत्रिका छापून झाल्यावर मुलगी बघायला नेल्यासारखं.

बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगायचं तर असं आहे. प्लगला भोकं तीन, पिनला पाय तीन, पिन आत बसली म्हणजे लाईन चालते असा लोकांचा समज आहे. खरी गोष्ट भिंतीच्या आत असते. वायर बारीक असेल आणि तिच्यातून जास्त करंट खेचला तर ती तापते. तापून तापून तिच्यावरचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस जळतं. हे घडू नये म्हणून मीटरजवळ एमसीबी नावाचं बटण असतं. जास्त खेचलं की ते आपोआप पडतं. लोक म्हणतात, बटण बिघडलं, सारखं पडतं, मोठं टाका. एका सद्गृहस्थांनी स्वतःच मोठं टाकलं होतं आणि मला अभिमानानं दाखवत होते की बघा, आता पडतच नाही. मी त्यांच्या बोर्डाला हात लावला आणि काढून घेतला. पोळला.

त्यात आमच्या भागातली घरं. एका दमात घर कुणी बांधत नाही. आधी दोन खोल्या. ऊस बरा गेला की पुढे पडवी, मग किचन, मग न्हाणी, मग मागे गोठा. प्रत्येक वेळी लाईन कुठून घेतात? शेवटच्या खोलीतून. मीटरपाशी परत कुणी जात नाही. पुढच्या खोलीतून किचनला, किचनमधून न्हाणीला, न्हाणीतून गोठ्याला. प्रत्येक जोडाला काळी टेप आणि प्रत्येक वेळी उरलेली वायर. आता बघा, पुढच्या खोलीत काय असतं? टीव्ही आणि पंखा. जड वस्तू कुठे असतात? मिक्सर, इस्त्री, हिटर, सगळ्या मागे, बायकांच्या कामाच्या जागी. म्हणजे ज्या खोलीला सगळ्यात जाड वायर पाहिजे तिला सगळ्यात बारीक मिळते. हे मी भाषण म्हणून बोलत नाही. पंचवीस-एक वर्षं भिंती उकरून बघितलंय.

मी भित्री आहे. काम करून घरी आले की जोड नीट आवळला होता का, या काळजीनं जेवण जात नाही. कितीदा तरी दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघून आले आहे. लोक हसतात. बोलण्यात अजून 'काहून' येतं, त्यालाही हसतात. हसा. माझं गाव चंद्रपूरकडे, ब्रह्मपुरीच्या पुढे, धानाच्या मुलखात. शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला नदी ओलांडून जावं लागे, ते काही महिने केलं आणि सुटलं. मावशी श्रीरामपूरला एका दवाखान्यात आया होती, तिच्याकडे आले. घरात बसून काय करशील म्हणून तिनं मला शेजारच्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात बसवलं. दुकान योसेफमामांचं. जळालेली प्रत्येक मोटर मामा माझ्या नाकाशी धरायचे. "हुंग. हा वास यायच्या आधी तू तिथं पोचली पाहिजेस." भ्यायला मला त्यांनी शिकवलं नाही, ते मी घरूनच आणलं होतं. पण भीती कामाची असते हे त्यांनी सांगितलं.

मामींनी त्यांच्या चर्चमधल्या बायकांच्या घरची पहिली कामं मिळवून दिली. नवरे ड्यूटीवर, दुपारी परका गडी घरात नको, मग या पोरीला बोलवा. परवाना नंतर मिळाला, परीक्षेच्या दुसऱ्या खेपेला. मामा आता नाहीत. मामींच्या दारातली नाताळची चांदणी अजून मीच लावते, आणि तिथेही आधी लाईन तपासते. मामी म्हणतात, "अगं, माझ्या घरी तरी विश्वास ठेव." नाही ठेवत. त्यांचं माझ्यावर एवढं ऋण आहे की तिथे तर मुळीच नाही.

माझी तपासायची पद्धत अशी. आधी तोंडी विचारायचं, घरात काय काय चालतं. ऐकून घ्यायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग म्हणायचं, आता घरातलं सगळं एकदम लावा आणि मला चहा टाका. चहा होऊन, पिऊन होईपर्यंत काही बंद करायचं नाही. मी मेन स्विचपाशी उभी असते. लोकांना हे फार लागतं. मीटर पळताना बघून एका काकांनी डोळे मिटून घेतले होते. चहा संपला की मी एकेका बोर्डाला हाताची उलटी बाजू लावत फिरते. उलटी अशासाठी, की कुठे झटका बसलाच तर तळवा वळून धरून बसत नाही. बोर्ड थंड असेल तर ठीक. कोमट असेल तर बोलू. गरम असेल तर नाही.

भंडारदऱ्याकडे एकानं पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. तिकडे गेले की भाताची खाचरं बघून मला आमच्याकडच्या बांध्या आठवतात, म्हणून जरा मवाळ होते. तरी त्याला नाही म्हटलं. प्रत्येक खोलीत गिझर, आणि लाईन त्याच्या जुन्या घरातल्या बल्बच्या वायरवरून घेतलेली.

तो म्हणाला, "आवं ताई, पाव्हनं काय सगळी एकदम अंघुळी करत्यात का?"

मी विचारलं, "नाश्ता किती वाजता ठेवलाय?"

"साडेआठला."

"मग एकदमच करणार."

तो धरणाकडे बघत म्हणाला, "नाश्ता उशिरा ठिवला तर?"

आणि लोक लपवतात. हातात मीटर घेतलेलं माणूस म्हणजे वीज कंपनीचं, दंड करणारं, अशी समजूत घट्ट बसलीय. मी दारात उभी राहिले की आत भराभर वस्तू हलल्याचा आवाज येतो. एका घरी इस्त्री तांदळाच्या डब्यात सापडली. पुरुष वायरमनला हे कळायला वेळ लागतो, कारण तो पुढच्या खोलीत बसून बोलतो. मी सरळ स्वयंपाकघरात जाते. पण तिथे जे दिसतं ते पुढच्या खोलीत सांगायचं की नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते ज्या घरात ठरवावं लागलं त्या घराची गोष्ट सांगते.

राहुरीच्या पुढे, कालव्याच्या कडेचं गाव. नाव लिहीत नाही. मंगल नावाच्या सुनेचा फोन आला. "ताई, मिरची कांडपाची मशीन आलीय बचत गटातून. तुमी या, आन फक्त 'चालंल' म्हना."

"बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

"म्हनूनच तर तुमाला बोलावते. बाकीचे समदे न बगताच व्हय म्हनत्यात, तुमी न्हाई म्हनता. तुमी व्हय म्हन्लं तर आप्पा ऐकत्याल."

आप्पा म्हणजे तिचे सासरे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता घरी. गळ्यात तुळशीची माळ, शब्दाला पक्के. त्यांनी अट घातली होती: मशीन लावा, पण तिच्यापायी घरातली लाईट एकदा जरी गेली, तर त्याच दिवशी मशीन परत. आणि गटातली पुढची बाई मशीनसाठी तयारच बसलेली. मिरचीचे दिवस चालू झाले होते. नवरा दुधाच्या टँकरवर, घरी असला तर असला. मंगल आजवर दुसऱ्यांच्या वावरात कांदा काढायला जायची. कमरेत वाकून काढलेल्या कांद्याला कंटाळून तिनं गटात दोन वर्षं नंबर लावला होता. हे तिनं मला दारातच, चपला काढायच्या आत सांगितलं.

मशीन गोठ्यात ठेवलेली. दुसरीकडे जागा नव्हती, आणि मिरचीचा खकाणा घरात कुणाला चालणार? दोन हॉर्सपॉवरची मोटर. अशी मोटर चालू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या चार-पाच पट खेचते, आणि गावात व्होल्टेज पडलं की चालू असतानाही जास्त खेचते.

आप्पा खाटेवर बसून होते. मी विचारलं, घरात काय काय चालतं?

"बल्ब चार. पंखे दोन. टीव्ही. फ्रिज. मिक्सर ह्या बाया लावत्यात सकाळी. बास." त्यांनी बोटं मिटली. "बेरीज मी केलीया. काट्यावर हयात गेली माझी. मला वजन शिकवू नगंस."

"आता हे सगळं बंद करा," मी म्हटलं. या वेळी उलटं केलं, कारण मला मीटर जरा जास्तच घाईत दिसलं होतं.

आप्पांनी स्वतः फिरून एकूणएक बटण बंद केलं. फ्रिजची पिन काढली. मी मीटरकडून येणाऱ्या वायरला क्लॅम्प मीटर लावला. चिमट्यासारखं असतं ते, वायरभोवती अडकवलं की आत किती करंट वाहतोय ते दाखवतं. काहीच चालू नाही म्हटल्यावर शून्य यायला हवं. साडेआठ दाखवत होतं. साडेआठ अँपिअर म्हणजे कुठेतरी शेगडीएवढं काहीतरी पेटलेलं.

"मीटर फास्ट हाय," आप्पा म्हणाले. "मी अर्ज केल्ता."

मी मेन स्विच खाली ओढला. तेवढ्यात मागून गोठ्यातून म्हातारीचा आवाज आला, "मंगल, लाईट गेली का गं?"

भर दुपार. दाराबाहेर डोळे दिपवणारं ऊन. गोठ्यात बसलेल्या बाईला लाईट गेल्याचं कशावरून कळलं?

मी आप्पांकडे बघितलं नाही. "लाईन कुठवर गेलीय ते बघून येते," म्हटलं आणि मागे गेले.

जीजी, म्हणजे मंगलच्या सासूबाई, दावणीजवळ उभ्या होत्या. पाठीमागे एक पालथं पत्र्याचं टोपलं. एका बाजूला म्हैस, एका बाजूला कोरी मशीन, वर माळ्यावर कडबा, आणि कडब्याला चिकटून गेलेली ती बारीक वायर, जागोजागी टेप मारलेली.

"जीजी, टोपल्याखाली काय आहे?"

"कोंबडी बसलीया अंड्यांवर."

"कोंबडीला वायर आहे."

जीजींनीच पायानं टोपलं जरा सरकवलं. कॉईलची शेगडी, तिच्यावर छोटं पातेलं. अंडी होती, दोन. कोंबडी नव्हती.

"तू कंपनीची हाईस का?"

"नाही. मला मंगलनं बोलावलंय."

मग त्या भडाभडा बोलल्या. आवाज दाबून, एक डोळा दाराकडे ठेवून. "गेल्या साली आप्रेशन झालं माझं. डागदर म्हन्ला, अंगात रगत न्हाई, रोज दोन अंडी खात जा. ह्यांच्या गळ्यात माळ. म्हन्ले, माझ्या घरात ते शिजायचं न्हाई. मी म्हन्लं, बरं. भाच्याकडून ही शेगडी आनली. घरात न्हाई शिजवत. गोठ्यात शिजवते. आता ही मशीन हितं बसली, बाया दळायला यायला लागल्या की मंग मी कुटं जाऊ? म्हनून मीच ह्यांच्या कानाशी लागले, लाईट जाईल, लाईट जाईल. जाईल का न्हाई?"

"जाईल," मी म्हटलं. "नुसती लाईट नाही, वरचा कडबाही जाईल."

जीजींनी वर बघितलं. म्हशीकडे बघितलं. "ह्यांना सांगू नगंस," एवढंच म्हणाल्या.

बाहेर न्हाणीच्या भिंतीशी मंगल माझी वाट बघत होती. "दिसली का?"

"काय दिसली का?"

"उगं नका, ताई. टरफलं उकिरड्यात मीच पुरते. वर टाकली तर आप्पांना दिसत्याल म्हनून. आत्याबाईंना वाटतं मला ठाऊक न्हाई." तिनं पदर तोंडाशी धरला. "त्या शेगडीसकट मशीन चालंल?"

"नाही."

"शेगडी बंद केली तर?"

"तर कदाचित. पण ती बंद होणार आहे का?"

मंगलनं मान हलवली. "आप्रेशनानंतर त्यांना धरून न्हानीत न्यावं लागायचं. आता म्हशीची धार काढत्यात. राहू द्या ती शेगडी. मशीन जाऊ द्या, दुसरीला मिळंल."

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. दोन वर्षं नंबर लावून बाई एका वाक्यात म्हणते जाऊ द्या. "जाऊ द्या काहून?" मी म्हटलं. "इथे चूक शेगडीची नाही, मशीनची नाही. वायरीची आहे. वायर बदलता येते."

पुढच्या खोलीत येऊन मी आप्पांना सांगितलं. मीटरपासून थेट गोठ्यापर्यंत नवी, जाड लाईन ओढावी लागेल. या खोलीच्या भिंतीवरून जाईल. शिवाय घराचा मंजूर लोड वाढवायला कंपनीत अर्ज करायचा. त्याशिवाय मी मशीन जोडणार नाही.

ती भिंत त्यांनी दिवाळीला टाइल्स लावून घेतली होती. आप्पा खाटेवरून उठले. "कशापायी? चार बल्ब आन फ्रिजापायी नवी लाईन? कारन सांग."

कारण माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम. ते वाक्य बोलले असते तर आप्पांची बेरीज चुकली असती, मी खरी ठरले असते, आणि जीजींचं पातेलं त्याच दिवशी उकिरड्यावर गेलं असतं.

"कारण सांगणार नाही," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हणजे नाही सांगणार. लाईन चालणार नाही एवढं सांगते. त्याची जबाबदारी माझी."

"आसा कुटला वायरमन असतो? डागदर तरी रोग सांगतो."

"सगळ्यांना नाही सांगत."

आप्पांनी मोबाईल काढला आणि गावातल्या पोपट वायरमनला फोन लावला. "ये रं. एक पिन जोडायचीय. हिला जमंना."

मी गोठ्यात गेले आणि मशीनवर जाऊन बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते. गाव परकं. ओळखीचं कुणी नाही. मला हात धरून उठवलं असतं तर मी काय करणार होते? पण मी उठून गेले आणि पोपटनं ती पिन जोडली, तर मग घरी जाऊन मी जेवणार कशी? जीजी कोपऱ्यात टोपल्यावर बसून राहिल्या, म्हणजे आम्ही दोघी आपापल्या वस्तू झाकून बसलो होतो. मंगल दारात. म्हैस तेवढी रवंथ करत होती.

पोपट आला. मोटरसायकल लावून आत आला, मला बघून हसला. "ताई, उठा. दोन मिनटांचं काम हाय."

"जोड की. आधी ती वायर कुठून आलीय तेवढं बघ आणि मग जोड."

त्यानं वर बघितलं. माणूस कामाचा होता, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. टेपच्या जोडांवरून त्याची नजर किचनच्या भिंतीपर्यंत गेली, परत कडब्यावर आली. मग त्याला जीजींच्या टोपल्याखालून निघालेली वायर दिसली. त्यानं जीजींकडे बघितलं. जीजींनी त्याच्याकडे बघितलं.

"आप्पा," तो बाहेर पडता पडता म्हणाला, "माझा ड्रिल न्हाई बरुबर. उद्या येतो."

"पिनला ड्रिल कशाला लागतोय रं?"

"लागतो कधीकधी," असं म्हणत त्यानं किक मारली. उद्या तो येणार नव्हता हे आप्पांनाही कळलं.

मग आप्पांनी एक एक करून माणसं बाहेर काढली. मंगलला म्हणाले, चहा टाक. जीजींना म्हणाले, तिला साखर कुटं ठिवलीय ते सांग जा. जीजी टोपल्यावरून उठल्या, टोपलं नीट पालथं केलं, आणि जड पावलांनी गेल्या. गोठ्यात मी आणि आप्पा. ते म्हशीपाशी गेले, तिच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"किती वॅटची हाय ती?"

"कोणती?"

"मला इच्यारू नगं. किती वॅटची ते सांग."

मी म्हटलं, "मला माहीत नाही, आप्पा. तुम्हीच सांगा."

त्यांनी म्हशीच्या पाठीवरचं गवत झटकलं. "दोन हजार," ते म्हणाले. "बुडाला लिव्हलंय. ती तपासनीला दवाखान्यात गेल्ती तवा बगितलं."

"मग बेरजेत का नाही धरली?"

"धरली असती तर मला ठाऊक हाय आसं झालं नसतं का?"

आता लिहिताना हसू येतं, तिथे आलं नाही. सबंध घराला ठाऊक होतं. आप्पांना होतं, मंगलला होतं, पोपटला एका मिनिटात कळलं. कुणी कुणाला बोलत नव्हतं, आणि त्या सगळ्यांच्या न बोलण्याचा भार त्या बारीक वायरीवर पडला होता.

"नव्या लाईनीवर दोनी चालत्याल?" आप्पांनी विचारलं.

"एका लाईनीवर दोन्ही नको. मशीनला वेगळी, आणि..." मी थांबले. "आणि दुसरी वेगळी."

"मंग दोन वढ. देवाच्या बाजूनं नगं नेऊस, टीव्हीच्या बाजूनं ने." दाराशी जाऊन ते थांबले. "कुनाला काय बोलायची गरज न्हाई."

"मी आल्यापासून काही बोललेच नाही."

"ते खरं हाय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सामान घेऊन गेले. दोन लाईनी, दोन वेगळ्या एमसीबी, अर्थिंग नवं. कडब्यापासून लांब, प्लास्टिकच्या पट्टीतून. टाइल्सना भोकं पाडताना आप्पा शेजारी उभे राहून प्रत्येक भोकाला जीव चालल्यासारखा श्वास घेत होते. लोड वाढवायच्या अर्जावर त्यांनी सही केली. गोठ्यात दोन प्लग लावले. एक मशीनशेजारी, दुसरा दावणीच्या वर, जीजींच्या हाताला येईल असा.

जीजी तो प्लग बघत उभ्या राहिल्या. "मशिनीला दोन लागत्यात व्हय?"

"नाही. एकच."

"मंग ह्यो कुनाचा?"

"आप्पांनी सांगून घेतलाय."

जीजींच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं नाही, मी मुद्दाम स्क्रू आवळायला वाकले.

शेवटी तपासणी. आप्पांनीच घरात फिरून पंखे लावले, टीव्ही लावला, फ्रिज होताच, मिक्सर मंगलच्या नणंदेसारखा ओरडत ठेवला. ही तुलना मंगलची, माझी नाही. मंगलनं मशीनचं बटण दाबलं. मोटर घरघरली, दमली, आणि उचलली. पुढच्या खोलीतल्या बल्बनं क्षणभर डोळा मिटल्यासारखं केलं आणि तो पुन्हा स्थिर झाला. मंगल बल्बकडे बघत होती, मशीनकडे नाही. तिनं पहिली मूठ मिरची टाकली. गोठाभर लाल धूर झाला. म्हैस शिंकली, मी शिंकले, आप्पा दाराच्या चौकटीला धरून शिंकत राहिले. लाईट गेली नाही.

जीजींनी टोपलं उचलून भिंतीशी उभं केलं. शेगडी उघड्यावर घेतली, पिन नव्या प्लगमध्ये बसवली, पातेलं ठेवलं. आप्पांकडे पाठ करून. कॉईल हळूहळू लाल झाली. मी क्लॅम्प मीटर दोन्ही वायरींना लावून बघितला, बोर्डांना उलटा हात लावत घरभर फिरले. सगळं थंड होतं. परत आले तेव्हा मशीन चालूच होती, मंगलच्या भुवया मिरचीनं लाल झालेल्या, आणि आप्पा अजून चौकटीतच.

मंगलनं मशीन बंद केली. एकदम शांत झालं. ती आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे मशीन," ते म्हणाले. मग गोठ्याच्या त्या कोपऱ्याकडे, बायकोच्या पाठीकडे बघून म्हणाले, "बंद कर आता ती. लई उकडली तर फुटत्यात अंडी."